इंजिन किती काळं असतं?

मालगाडी ओढणारं वाफेचं इंजिन काळं असतं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. आता समजा, एखाद्याने त्या इंजिनाची १:७६ या प्रमाणात पितळी पत्र्यातून प्रतिकृती केली, प्रत्येक नळी आणि प्रत्येक रिव्हेट मूळ नकाशावरून मोजून बसवला, आणि शेवटी कारखान्यात खऱ्या इंजिनाला ज्या डब्यातला काळा रंग लावत त्याच डब्यातला रंग तिला दिला. मोजमापाच्या हिशेबात या कामात बोट ठेवायला जागा नाही. तरीही ती टेबलावर ठेवली की इंजिन दिसत नाही, एक काळा ठोकळा दिसतो. चाकांचे आरे, बॉयलरची गोलाई, पत्र्यांचे सांधे सगळे त्या काळ्यात बुडून जातात. कारण सरळ आहे. १:७६ ची वस्तू अर्ध्या मीटरवरून पाहणं म्हणजे खरं इंजिन ३८ मीटरवरून पाहणं, आणि ३८ मीटरवरचं काळं इंजिन काळं नसतं. मधल्या हवेने, आभाळाच्या उजेडाने, पत्र्यावर बसलेल्या राखेने आणि धुळीने ते करडं झालेलं असतं. म्हणून जाणता मॉडेलकार काळ्या इंजिनाला निव्वळ काळा रंग लावतच नाही. काळ्यात थोडा पांढरा, थोडा तपकिरी मिसळून तो एक गडद करडा तयार करतो आणि खरा काळा राखून ठेवतो तो फक्त सावलीच्या खाचांसाठी.

लहान प्रमाणातल्या रेल्वे प्रतिकृतींबद्दल सर्वसाधारण समज असा आहे की हा मोजपट्टीचा छंद आहे. जितकं माप अचूक तितकी प्रतिकृती खरी. रंगकाम ही शेवटची सजावट आणि फलाटावरची माणसं म्हणजे जागा भरायला ठेवलेल्या सोंगट्या. मला हा समज उलटा वाटतो. माप ही या कामाची पहिली अट आहे, पण प्रतिकृती खरी की खोटी हे अखेर रंगावर आणि माणसांच्या पुतळ्यांवर ठरतं. आणि तिथे जे ज्ञान लागतं ते कारखान्याच्या नकाशात सापडत नाही. ते इंजिन चालवणाऱ्या, पुसणाऱ्या, त्यात कोळसा टाकणाऱ्या माणसांकडे असतं. आपल्याकडे ते झपाट्याने नाहीसं होत आहे, म्हणून या प्रश्नाचा विचार छंदिष्टांच्या वर्तुळाबाहेरही व्हायला हवा.

मापाची मर्यादा या छंदाच्या इतिहासातच लिहिलेली आहे. जर्मनीतल्या मर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह खेळण्यातली रेल्वे मांडली आणि रुळांच्या ठरावीक रुंदीची पद्धत रूढ केली. पुढे घरं लहान होत गेली तशा गाड्याही लहान झाल्या. १९२० च्या दशकात टेबलावर मावणारी रेल्वे बाजारात आली आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटरवर स्थिरावलं. युरोपात या रुळांवर १:८७ प्रमाणाच्या, म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरून केलेल्या गाड्या धावू लागल्या. ब्रिटनमध्ये मात्र अडचण आली. तिथले बोगदे आणि पूल अरुंद, म्हणून तिथली खरी इंजिनंच युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान. साडेतीन मिलिमीटरच्या हिशेबाने केलेल्या ब्रिटिश इंजिनात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा उत्पादकांनी इंजिनाचं अंग फुटाला चार मिलिमीटर केलं आणि रूळ होते तेच ठेवले. १९३८ साली आलेल्या हॉर्नबी डब्लोने ही तडजोड घराघरांत नेली. तिचा परिणाम असा की ब्रिटनमधली बहुसंख्य मॉडेलं आजही अशा रुळांवर धावतात जे हिशेबाने ४ फूट ८॥ इंचांऐवजी ४ फूट १॥ इंच भरतात. सात इंचांची चूक! समोरून पाहिलं की ही इंजिनं पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसतात. ज्यांना हे सहन होईना त्यांनी १९६० च्या दशकात १८.८३ मिलिमीटर रुंदीचं काटेकोर मानक तयार केलं आणि चाकांपासून सगळं स्वतःच्या हाताने करायला घेतलं.

आपल्याकडचा गुंता आणखी वेगळा आहे. भारतातली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे साडेपाच फुटांची. १:८७ ला ती १९.३ मिलिमीटर भरते. पण बाजारात रूळ मिळतात १६.५ चेच, तेव्हा भारतीय इंजिनं त्यांवर बसवली की तीही अरुंद होतात. गंमत अशी की एका फुटाला तीन मिलिमीटर हे प्रमाण धरलं तर हेच १६.५ मिलिमीटरचे रूळ बरोब्बर साडेपाच फूट होतात. म्हणजे भारतीय ब्रॉडगेजसाठी काटेकोर माप अगदी सामान्य रुळांत दडलेलं आहे. मात्र त्या प्रमाणात तयार चाकं, दिवे, माणसं, घरं जवळजवळ मिळत नाहीत, आणि सगळंच घरी करायची तयारी ठेवावी लागते.

पण समजा, रुळांचं माप जुळवलं. तरी पुढच्या पायरीवर निसर्ग आडवा येतोच. खऱ्या चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड सुमारे तीन सेंटिमीटर खोल असते. १:८७ मध्ये ती जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर होईल, आणि घरातल्या रुळांच्या बारीकशा उंचवट्यावरही चाक उडेल. म्हणून बहुतेक मॉडेलांत ती कड दुपटीच्या आसपास ठेवतात. वजनाचा हिशेब घ्या. लांबी ७६ पट कमी झाली की वजन जवळपास चार लाख चाळीस हजार पट कमी होतं. शंभर टनांचं इंजिन सव्वादोनशे ग्रॅमचं! त्याला गती असते, पण जडपणा नसतो. वीज बंद केली की ते जागच्या जागी थबकतं, म्हणून आत पितळी गतिचक्र बसवून जडपणाचा आभास आणावा लागतो. पाण्याचा थेंब लहान होत नाही, धुराचे लोट लहान होत नाहीत. आणि रंगाचा थर तर सगळ्यात हट्टी. दशांश मिलिमीटर जाडीचा थर १:८७ च्या हिशेबाने पावणेनऊ मिलिमीटर होतो. खऱ्या इंजिनावर कुणी बोटभर जाडीचं लिंपण केलं तर जे होईल तेच. थोडक्यात, कितीही कसोशी केली तरी प्रतिकृतीत मापाची तडजोड अटळ आहे. कोणती तडजोड करायची, कुठे वाढवायचं आणि काय गाळायचं, याचा निवाडा करावाच लागतो. तो निवाडा हेच या कामातलं खरं कौशल्य आहे.

बांधणीच्या टप्प्यावर हा निवाडा हातातून चालतो. धातूच्या संचात पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचा पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा पत्रा येतो. त्यावर फेरिक क्लोराइडसारख्या रसायनाने भागांचे आकार आणि दुमडण्याच्या रेषा कोरलेल्या असतात. चिमणी, घुमट असे गोल भाग मऊ पांढऱ्या धातूत ओतलेले. पत्रा पत्र्याला जोडायला जास्त उष्णतेवर वितळणारं सोल्डर, बारीकसारीक भागांना त्याहून कमी उष्णतेचं, आणि पांढऱ्या धातूसाठी सत्तर अंशांवर वितळणारं. हा क्रम चुकला तर नवा सांधा जोडताना जुना सुटतो, किंवा ओतीव चिमणी डोळ्यांदेखत वितळून जाते. सर्वांत नाजूक काम चाकांचं. वाफेच्या इंजिनाच्या दोन बाजूंचे दांडे एकमेकांशी नव्वद अंशांच्या कोनात असतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर असताना दुसरी जोर लावू शकते. मॉडेलमध्ये हा कोन सगळ्या आसांवर अगदी सारखा बसला पाहिजे. एका आसात अंशभराचा फरक पडला तरी इंजिन लंगडतं. या कामात किती तरी संध्याकाळी जातात, आणि ते झालं की उत्तम यंत्र तयार होतं. पण झळझळीत पितळी यंत्राला पाहून कुणालाही कोळसा, वाफ, घाट आठवत नाही. ते अजून कुठल्याच रेल्वेचं नसतं.

ते रेल्वेचं होतं रंगाने. फ्लक्स आणि बोटांचं तेल धुऊन काढायचं, धातूला चावून बसणारा अस्तर-रंग एअरब्रशने इतका पातळ द्यायचा की रिव्हेट बुजू नयेत, मग मुख्य रंगाचे दोन-तीन विरळ थर. त्यानंतर रेघा. जुन्या प्रवासी इंजिनांवर पाव-अर्ध्या इंचाच्या रंगीत रेघा असत. अर्ध्या इंचाची रेघ १:७६ मध्ये एक षष्ठांश मिलिमीटर होते. ही रेघ जुन्या ड्रॉइंगच्या पेटीतल्या रूलिंग पेनने, रंगाचा दाटपणा सांभाळत, एका दमात ओढतात. इथे डोळ्याचा एक नियम कामाला येतो. निरोगी डोळ्याला अर्ध्या मीटरवरून साधारण सातवा हिस्सा मिलिमीटर इतकाच बारकावा वेगळा दिसतो, म्हणजे १:७६ मध्ये खऱ्या इंजिनावरचे ११ मिलिमीटर. त्याहून लहान काहीही काढण्यात शक्ती घालवू नये. त्याहून मोठं काहीही चुकलं तर ते दिसणारच. रंगवणाऱ्याच्या मनात ही सीमारेषा पक्की असेल तर त्याला कळतं की पाटीवरची अक्षरं महत्त्वाची आहेत, पण नटाचे सहा कोन नाहीत.

मात्र खरी परीक्षा नव्या रंगानंतर सुरू होते, ती मळ चढवताना. या छंदातल्या पुष्कळ लोकांना मळ हा अनादर वाटतो. इतकं सुंदर इंजिन रंगवून ते घाण कशाला करायचं? पण इंजिनावरचा मळ म्हणजे त्याच्या कामाची नोंद असते. बॉयलरच्या झडपांखाली पांढुरके ओघळ दिसतात, कारण तिथल्या पाण्यात क्षार जास्त आहेत. धुराची पेटी उष्णतेने करपून राखाडी होते. चाकं आणि खालचा सांगाडा गंजाच्या तपकिरी रंगाचा होतो, कारण ब्रेकच्या बिडाची भुकटी तिथेच उडते. जोडदांडे तेलाने ओले आणि काळपट चमकदार. फूटबोर्डाची पायरी बुटांनी घासून उजळलेली, धरायचा दांडा हातांनी पॉलिश झालेला. टेंडरवर कोळशाची बारीक पूड, आणि पाणी भरण्याच्या तोंडाभोवती ती धुऊन गेल्याचा ओला डाग. प्रत्येक खुणेला कारण आहे आणि जागा आहे. नेरळहून माथेरानला चढणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ पासून ज्या डोंगरात फिरते तिथली माती जांभ्याची, तांबडी. त्या गाडीच्या खालच्या अंगाला ब्रिटनमधल्या पुस्तकात सांगितलेली करडी धूळ लावली तर गाडी माथेरानची राहत नाही, मग तिची लांबी-रुंदी कितीही अचूक असो.

रंग म्हणजे काळाचीही निवड. डेक्कन क्वीनचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं आहे. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते: एक रुपेरी, किरमिजी पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले होते आणि वरचं अंग माटुंग्याच्या कारखान्यात बांधलं गेलं होतं. १९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातले डबे आले. रंग पुढेही बदलत गेले, आणि २०२२ मध्ये जर्मन धाटणीचे नवे डबे आले ते हिरव्या रंगछटेत. तेव्हा ‘डेक्कन क्वीनचं मॉडेल’ अशी गोष्ट अस्तित्वातच नाही. अमुक सालची, अमुक संचाची, कारखान्यातून कालच निघालेली की पावसाळाभर खंडाळ्याच्या बोगद्यांतून धावलेली, हे ठरवल्याशिवाय कुंचला उचलता येत नाही. आणि ठरवायचं तरी कशावरून? जुनी छायाचित्रं कृष्णधवल. त्या काळातल्या अनेक फिल्मवर लाल प्रकाशाची नोंदच होत नसे, म्हणून लाल भाग जवळजवळ काळा उमटे. किरमिजी पट्टा आणि काळा पट्टा छायाचित्रात सारखेच. रंगाचा शब्द कागदोपत्री मिळतो, छटा मिळत नाही. छटा मिळते एखाद्या जुन्या डब्याच्या दाराच्या बिजागरीमागे खरवडून, थराखालच्या थरात. किंवा ज्याने ती रोज पाहिली त्याच्याकडून.

आता माणसं. दिवाळीच्या किल्ल्यात सिंहासनावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि पहारेकरी तोफेएवढे. तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो, आणि तो संकेत किल्ल्याला शोभतोही. रेल्वेच्या देखाव्यात ही मुभा नाही, कारण माणूस हीच तिथली मोजपट्टी आहे. पाहणाऱ्याला इंजिनाची उंची पाठ नसते, पण माणूस केवढा असतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं. १:८७ मध्ये १६५ सेंटिमीटरचा माणूस १९ मिलिमीटर होतो, त्याचं डोकं अडीच मिलिमीटरहून किंचित मोठं, आणि डोळा एक तृतीयांश मिलिमीटर. जर्मनीतली प्रायझर ही कंपनी १९४९ पासून अशी माणसं बनवत आली आहे, आणि हॅम्बुर्गमधल्या मिनिआटुअर वुंडरलांड या २००१ साली सुरू झालेल्या अवाढव्य प्रदर्शनात ती अडीच लाखांहून अधिक आहेत. युद्धखेळांसाठी सैनिक रंगवणारे लोक याहून मोठे पुतळे घेतात. डोकी आणि हात मुद्दाम मोठे केलेले, उजेड आणि सावल्या नाट्यपूर्ण, डोळ्यांत पांढरा ठिपका. तीच पद्धत रेल्वेच्या फलाटावर आणली की प्रत्येक प्रवासी दचकल्यासारखा दिसतो. चाळीसेक मीटरवरच्या माणसाच्या डोळ्यातलं पांढरं कधी दिसत नाही. दिसते भुवईखालची सावली. म्हणून चांगला रंगवणारा डोळे काढत नाही. तिथे पातळ तपकिरी ओघळ उतरू देतो आणि कपाळ, नाक, गालाचं हाड यांवर उजळ छटेचा कोरडा कुंचला फिरवतो.

मापाच्या भक्तांना सर्वांत मोठं उत्तर इथेच मिळतं. आता जिवंत माणसाची त्रिमितीय प्रतिमा घेऊन ती यंत्राने हव्या त्या आकारात छापता येते. मापात यापेक्षा अचूक पुतळा शक्य नाही. पण १:८७ ला छापलेला असा माणूस बहुधा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दिसतो. सदऱ्याची एक सेंटिमीटरची चुणी दशांश मिलिमीटर होते, आणि रंगाचा थर ती भरून टाकतो. हाताने पुतळा घडवणारा माणूस ती चुणी मुद्दाम दुप्पट खोल कोरतो, खांद्याची रेषा थोडी कडक करतो, पायांतलं अंतर थोडं वाढवतो, आणि माणूस उभा राहतो. चुकीच्या मापाचा पुतळा जास्त खरा दिसतो, कारण घडवणाऱ्याने चूक कुठे करायची हे माणसांकडे पाहून ठरवलेलं असतं. ढबेचंही तसंच. धावताना पाय हवेत असलेला पुतळा एका क्षणाच्या वर पटत नाही. गाडी फिरून पुन्हा येते तरी त्याचा पाय तिथेच. वाट पाहणारा, टेकलेला, बसलेला माणूस कितीही वेळ पाहिला तरी खरा वाटतो, आणि स्टेशनवर माणसं बहुतेक वेळ हेच करतात.

आणि भारतीय स्टेशनवर ती कशी वाट पाहतात? उकिडवी बसून. युरोपात तयार होणाऱ्या हजारो पुतळ्यांत टाचा टेकवून उकिडवं बसलेलं माणूस शोधून पाहावं. ओव्हरकोटवाल्या प्रवाशाला पांढरा रंग देऊन धोतर होत नाही. कापड पडण्याची पद्धतच वेगळी. लाल सदऱ्यातला हमाल डोक्यावर दोन बॅगा घेतो तेव्हा मान ताठ आणि पाठ किंचित मागे जाते. डबेवाल्याच्या डोक्यावरची लांबट पाटी त्याच्या चालीला एक घाईचा तोल देते. नऊवारीतल्या बाईची चाल, पिशवीवर हात ठेवून पेंगणारा म्हातारा, रुळांलगत हातोडा घेऊन चालणारा गँगमन ही सगळी माणसं तारेचा सांगाडा आणि इपॉक्सी पुट्टी घेऊन नव्याने घडवावी लागतात. हे काम ज्यांनी केलं आहे त्यांच्या देखाव्यात इंजिन तयार संचातलं असलं तरी स्टेशन आपलं वाटतं. उलट, हाताने बांधलेलं, भारतीय रेल्वेचं अप्रतिम डब्ल्यूपी वाफेचं इंजिन बव्हेरियातल्या प्रवाशांपुढे उभं केलं की ते परक्या मुलखात चुकून आलेलं दिसतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. निवाड्याला एवढं महत्त्व दिलं तर माप सोडून मन मानेल तसं करायला मोकळीक मिळणार नाही का? मिळणार नाही, आणि याचा पुरावा ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात आहे. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला तरुण १९२५ मध्ये ब्रिटनला आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवती छपरांची घरं त्याच्या डोळ्यांसमोर बदलत, पडत चालली होती. तो ती मोजू लागला, त्यांच्या नोंदी करू लागला आणि १:७६ मध्ये बांधू लागला. त्यातून १९५० च्या दशकात संग्रहालय उभं राहिलं. तिथलं गाव काल्पनिक आहे, पण त्यातलं प्रत्येक घर खऱ्या घरावरून घेतलेलं. भिंतीचा दगड, विटांचा रंग, कुठे गिलावा निघाला होता हेसुद्धा. गाय विल्यम्स यांनी तिथल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिनांवर अनेक वर्षं काम केलं. घरं हलवून एकत्र आणण्याचं स्वातंत्र्य पेंडनने घेतलं, पण घराबद्दल खोटं बोलण्याचं घेतलं नाही. मोकळीक घेण्याचा हक्क मोजणाऱ्यालाच असतो. काटेकोर मानकवाल्यांचंही मोल याच कारणाने मोठं आहे. सात इंचांची चूक मान्य करणारा आणि ती माहीतच नसणारा, या दोघांच्या कामात फरक पडतोच.

दुसरा आक्षेप नव्या तंत्राचा आहे. आज कारखान्यातून येणाऱ्या तयार मॉडेलवर हाताला न साधणाऱ्या रेघा छापलेल्या असतात, आणि त्रिमितीय छापयंत्र चिमणी चुटकीसरशी देतं. मग हाताने बांधण्याचा आणि रंगवण्याचा अट्टहास कशाला? बांधणीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याला सोल्डरिंगचा आनंद आहे त्याने करावं, पण तयार सांगाडा घेतला म्हणून कुणाचं काम उणं ठरत नाही. भारतीय इंजिनांची तयार मॉडेलं सहजी मिळत नसल्याने छापयंत्र आपल्यासाठी तर वरदान आहे. पण कारखाना जे देतो ते कोणत्याही इंजिनाच्या आयुष्यातला फक्त पहिला आठवडा असतो. उरलेली वर्षं त्याला देता येत नाहीत, कारण त्यासाठी अमुक शेडमधलं, अमुक पाण्याचं, अमुक घाटातलं इंजिन म्हणजे काय हे कुणाला तरी माहीत असावं लागतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हा सगळा खटाटोप म्हणजे गोड स्मरणरंजन. आपल्याकडे तर साहेबाच्या राज्याचं स्मरणरंजन, ज्यातून घाम आणि मृत्यू पुसून टाकलेले असतात. स्वच्छ, चकचकीत मॉडेलांच्या बाबतीत हे खरंच आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या भोर घाटातल्या रेल्वेमार्गाचा देखावा करताना कमानी आणि बोगदे सगळे करतात. तो बांधताना रोगराईने हजारो मजूर मेले आणि १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगल झाली, हे कुणाच्या देखाव्यात दिसत नाही. त्याच वर्षी ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला, हेही नाही. पण याचा दोष प्रमाणाचा नाही, निवडीचा आहे. मळ चढवणं आणि काम करणाऱ्या माणसाची ढब घडवणं या गोष्टींना दुय्यम मानलं की देखाव्यातून श्रम आपोआप गळून पडतात. त्यांना मुख्य मानलं की तोच देखावा श्रमाचा पुरावा होतो. पाट्या वाहणाऱ्या बायकांची रांग १९ मिलिमीटर उंचीचीच असेल, पण ती कुठे उभी आहे आणि तिच्या पाठी किती वाकल्या आहेत हे पाहणाऱ्याला दिसतंच.

आपल्याकडे या कामाला पाया नाही असं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून खुलं आहे आणि मुलांच्या पिढ्या तिथे पहिल्यांदा हा प्रकार पाहतात. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९७७ पासून खरी इंजिनं उभी आहेत. त्यांत आपल्या घाटात मालगाड्या ओढणारं, तीन सांधलेल्या भागांचं विजेचं इंजिनही आहे, ज्याला रेल्वेचे मराठी लोक खेकडा म्हणत. ते १९२० च्या दशकाअखेर स्विस धाटणीवर तयार झालं. त्याच्या स्विस भावंडाची, क्रोकोडाइलची मॉडेलं मर्कलिन १९३० च्या दशकापासून करत आली आहे. आपल्या खेकड्याच्या वाट्याला तसं काही आलं नाही. संग्रहालयातलं इंजिन मोजता येतं. पण तिथे त्याला लावलेला रंग हा जतनासाठी दिलेला नवा, तकतकीत रंग आहे. कल्याण ते लोणावळा चढून आल्यावर त्याचं छत कसं दिसे, पुढच्या सोंडेवर खलाशी कुठे पाय ठेवून चढे आणि तिथला रंग किती उडालेला असे, पावसाळ्यात ब्रेकची भुकटी कुठवर ओघळे, हे त्या इंजिनावर आता लिहिलेलं नाही.

ते ज्यांना माहीत आहे ती माणसं अजून आहेत. वाफेची इंजिनं ब्रॉडगेजवरून १९९० च्या दशकात गेली. त्या वेळी तिशीत असलेले फायरमन, फिटर, रंगारी आज साठीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. परळ आणि माटुंग्याच्या कारखान्यांचा परिसर, कुर्डुवाडी, दौंड, भुसावळ, लोणावळा, पुण्याच्या आसपासच्या रेल्वे वसाहती इथे ती आपल्या घरांत आहेत. त्यांच्याकडे बसून विचारावं: काळा किती काळा होता, कोणत्या डब्यातला, त्यात काय मिसळत, इंजिन किती दिवसांनी धुत, कोणता भाग कधीच स्वच्छ होत नसे, ड्रायव्हर खिडकीत कोपर कुठे टेकत असे. उत्तरं वहीत लिहावीत, घरातले जुने रंगीत फोटो तारीख आणि ठिकाणासह जपावेत, आणि जुन्या डब्याचा पत्रा भंगारात निघत असेल तर त्याचा रंगीत तुकडा मागून ठेवावा. मॉडेल करणारा आज नसेल तर उद्या येईल. नकाशा त्याला कुठेतरी मिळेल, ही माहिती मिळणार नाही.